जबडा पाच मिलिमीटर मागे

माझा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला होता आणि थोडा डावीकडे सरकलेला. चेहऱ्याबद्दल मी फारशी कुरकुर केली नाही. दाढी राखली की बरंच झाकलं जातं. अडचण होती ती खाण्याची. पुढचे दात एकमेकांवर येतच नव्हते. कणीस, पेरू, उसाचं कांडं या गोष्टी लहानपणीच सुटल्या होत्या. सुक्क्या मटणाची फोड दाढेखाली धरून बोटांनी ओढायची, हे घरी चालतं. लग्नाच्या पंगतीत शेजारचा बघतच राहतो. तिशीच्या जवळ आल्यावर उजव्या कानापाशी जबडा कटकट वाजायला लागला आणि दाढा एका बाजूने झिजायला लागल्या, तेव्हा राजारामपुरीतल्या एका ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला, त्यावर रेषा आखल्या, कोन मोजले. मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये फिक्श्चर डिझाइनला, म्हणजे कापताना जॉब (ज्यावर काम चालतं तो तुकडा) पक्का धरणारे साचे आखायच्या कामाला आहे, त्यामुळे रेषा आणि कोन बघून मला जरा घरच्यासारखं वाटलं. ते म्हणाले, "नुसत्या तारांनी होणार नाही. दात सरळ होतील, पण हाडंच जागेवर नाहीत. आधी तारा, मग ऑपरेशन, मग परत तारा."

तारांचा काळ वर्षाच्या पुढे गेला. त्याबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. जबडा चुकीच्या जागी असला की शरीर आपल्या परीने तडजोड करतं: खालचे दात आत झुकतात, वरचे बाहेर. ऑपरेशनच्या आधी ही तडजोड मोडून दात आपापल्या हाडावर सरळ उभे करावे लागतात. म्हणजे तारा लावल्यावर दातांमधलं अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतं आणि चेहरा पहिल्यापेक्षा वाईट दिसतो. आमच्या आत्यानं गौरीच्या सणाला मला बघितलं आणि म्हणाली, "पैसं दिऊन त्वांड आणि वाकडं करून घेतलास व्हय रं?" तिला समजावून सांगायला गेलो तर म्हणाली, राहू दे, चहा घे. याच काळात खालच्या दोन्ही अक्कलदाढा काढून टाकल्या. जिथे हाड उभं चिरायचं असतं, नेमक्या तिथेच त्या अडकलेल्या असतात, म्हणून त्या काही महिने आधी काढून तिथलं हाड भरू देतात.

मग सर्जनची वेळ आली आणि खरा प्रश्न सुरू झाला.

कोल्हापुरातल्या मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या सर्जन मॅडमनी नेहमीची पद्धत सांगितली. त्याच सुमारास मामांकडे पुण्याला गेलो होतो, तिथे दुसरं मत घेतलं. ते डॉक्टर म्हणाले, आपण मिनिमली इनव्हेजिव्ह, म्हणजे कमीत कमी चिरून करू. वरच्या जबड्याला पुढच्या चार दातांपुरती चीर, खाली दोन्ही बाजूंना दोन सेंटिमीटरच्या आत, हाड पिएझो नावाच्या थरथरत्या टोकाच्या यंत्राने कापायचं, सूज कमी, घरी लवकर. ऐकून कुणालाही हेच बरं वाटेल. मलाही वाटलं. कोल्हापूरला परत येताना सातारच्या पुढे बसमध्ये मी मनात निर्णय घेऊनसुद्धा टाकला होता.

पण आमच्या कामात एक सवय लागते. कुणी "कमी वेळात, कमी कटिंगमध्ये काम होतं" म्हणालं की आधी ड्रॉइंग मागायचं. म्हणून मी दोन्ही पद्धतींमध्ये नेमकं काय होतं ते समजून घ्यायला लागलो. मॅडमनी दोन वेळा वेळ दिला, त्यांच्याकडे शिकणाऱ्या एका डॉक्टरांनी प्लॅस्टिकच्या कवटीवर पेन्सिलने रेषा मारून दाखवल्या, आणि रात्रपाळी नसेल तेव्हा मी स्वतः वाचत बसलो.

वरच्या जबड्याच्या ऑपरेशनला ले फोर्ट वन म्हणतात. रेने ले फोर्ट हे फ्रान्सचे सर्जन. त्यांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून हाड कुठल्या रेषांवर तुटतं ते बघितलं आणि १९०१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. अपघातात चेहरा जिथे तुटतो त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेवरच आज सर्जन मुद्दाम कापतात. खालच्या जबड्याचं ऑपरेशन त्याहून जुनं. १८४९ मध्ये अमेरिकेतल्या सायमन हलिहेन यांनी भाजल्यामुळे जबडा ओढला गेलेल्या एका तरुणीवर ते केल्याची नोंद आहे. आज जी पद्धत चालते, म्हणजे जबड्याचं मागचं हाड आतला पापुद्रा आणि बाहेरचा पापुद्रा असं उभं वेगळं करायचं आणि दोन्ही एकमेकांवर सरकवायचे, ती ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडली. तिच्यात डाल पाँट यांनी १९६१ मध्ये सुधारणा केली. दोन्ही जबडे एकाच वेळी हलवायचं धाडस ओब्वेगेसर यांनी १९७० मध्ये केलं. टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा येण्याआधी हाड तारेने बांधत आणि वरचे-खालचे दात सहा-सहा आठवडे एकमेकांना जखडून ठेवत. ते वाचल्यावर चीर आठ सेंटिमीटर की तीन, याची काळजी मला थोडी चैनीची वाटायला लागली.

नेहमीच्या पद्धतीत वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर, एका बाजूच्या पहिल्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दाढेपर्यंत चीर देतात. बाहेर चेहऱ्यावर काहीच नाही. दोन्ही पद्धतींत टाके तोंडाच्या आतच असतात, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मग हाडावरचा पडदा वर उचलायचा, नाकाच्या कडेपासून मागे दाढेच्या वरपर्यंत करवतीने हाड कापायचं, नाकाचा मधला पडदा खालून सोडवायचा, आणि सगळ्यात मागे जिथे जबडा कवटीच्या बुडाला चिकटलेला असतो तिथे वाकड्या छिन्नीने तो अलग करायचा. त्यानंतर हाताच्या दाबाने पूर्ण वरचा जबडा खाली येतो. टाळूकडून आलेल्या मऊ भागातून त्याला रक्त मिळत राहतं, म्हणून तो जिवंत राहतो. मग तो नव्या जागी आणून नाकाच्या बाजूला आणि दाढेवर, दोन्हीकडे, अशा चार प्लेटांनी स्क्रू मारून बसवायचा.

मिनिमली इनव्हेजिव्हमध्येही हे सगळंच होतं. हाड त्याच रेषेवर कापलं जातं, जबडा तितकाच सुटा होतो, प्लेटाही लागतातच. बदलते ती हाडापर्यंत पोहोचायची वाट. चीर लहान असते आणि तिच्यातून बाजूला बोगदा करून मागे पोहोचतात. मागची जोडणी सोडवायला काही सर्जन दाढेमागून छिन्नी न लावता पुढून कापलेल्या फटीतच अवजार घालून पिळतात. बार्सिलोनाच्या हर्नांडेझ-अल्फारो यांनी २०१३ मध्ये ही रीत लिहून प्रसिद्ध केली आहे. कुठे कुठे एंडोस्कोपची, म्हणजे आत घालायच्या दुर्बिणीची मदत घेतात. पडदा कमी उचलला, स्नायू कमी सोडवले, की सूज कमी आणि ओठ-नाकाचा आकार कमी बदलतो, हा यामागचा विचार. विचारात खोट काहीच नाही.

आणि पिएझो. हे यंत्र मला फारच आवडलं. ठरावीक स्फटिकांवर दाब दिला की वीज तयार होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. इथे त्याच्या उलट, वीज देऊन टोक थरथरवतात, सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा, आणि ती थरथर मायक्रॉनमध्ये मोजायची. हाडासारखं कडक काही समोर आलं की ते कापलं जातं. मऊ भाग, म्हणजे नस, रक्तवाहिनी, हिरडी, त्या थरथरीबरोबर हलतो आणि सहसा वाचतो. गंमत म्हणजे हात जोरात दाबला की कटिंग वाढत नाही, उलट मंदावतं आणि टोक तापतं. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात जे ओरडून सांगावं लागतं ते या यंत्रानं आपणहून शिकवलेलं आहे. तोटा असा की ते करवतीपेक्षा हळू चालतं, आणि टोकांचा खर्च बिलात वेगळा येतो.

एक घोळ मात्र माझ्या डोक्यात बरेच दिवस होता आणि इतरांच्याही डोक्यात असणार: पिएझो म्हणजेच मिनिमली इनव्हेजिव्ह, असा. तसं नाही. मोठी चीर घेऊन पिएझो वापरता येतं आणि छोट्या चिरेतून साधी करवतही चालवता येते. कॉम्प्युटरवरचं थ्री-डी प्लॅनिंग, रक्तदाब खाली ठेवून दिलेली भूल, लवकर उठवणं-चालवणं, या गोष्टीही जाहिरातीत त्याच नावाखाली एका टोपलीत घालतात. त्यातली प्रत्येक गोष्ट नेहमीच्या पद्धतीबरोबरही मिळू शकते. त्यामुळे "कुठली पद्धत" असं न विचारता, "माझ्या ऑपरेशनच्या कुठल्या टप्प्याला काय वापरणार" असं विचारायला लागल्यावर माझी गाडी पुढे गेली.

मॅडमनी माझं स्कॅन उघडलं आणि माझं ड्रॉइंग मला समजावून सांगितलं. वरचा-खालचा मिळून फरक नऊ मिलिमीटर. तो सगळा खालचाच जबडा मागे नेऊन भरून काढला तर जीभ मागे जाते, घशातली हवेची वाट अरुंद होते, आणि उद्या घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं सुरू होऊ शकतं. म्हणून वाटणी: वरचा चार पुढे, खालचा सरासरी पाच मागे, त्यातही उजवीकडे जास्त आणि डावीकडे कमी, म्हणजे हनुवटी मध्यावर येईल. आणि मी ज्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं ते: माझ्या वरच्या जबड्याची पातळी तिरकी होती. उजवी बाजू तीन मिलिमीटर खाली. ओठांमध्ये आइस्क्रीमची काडी आडवी धरून आरशात बघितलं तेव्हा मला ते पटलं.

"वरचा नुसता सरळ पुढे न्यायचा असता," त्या म्हणाल्या, "तर मी लहान चिरेतून केला असता. तुमचा उजवीकडे वर चढवायचा आहे. म्हणजे मागच्या कोपऱ्यातलं हाड थोडं थोडं तासून काढावं लागणार, आणि नेमकी तिथेच टाळूची रक्तवाहिनी उतरते. ती मला डोळ्यांनी दिसली पाहिजे. हाड कुठेतरी अडून राहिलं आणि मी तसंच दाबून प्लेट मारली, तर टेबलावर सगळं छान दिसेल आणि भूल उतरल्यावर चावा उघडा पडेल, म्हणजे पुढचे दात मिटणार नाहीत."

पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून मी हेच विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की तिरकेपणा मोठा असेल तर आपणही चीर वाढवतो. म्हणजे दोघांमध्ये भांडण नव्हतंच. पहिल्या भेटीत मी त्यांच्याकडे स्कॅनच नेलं नव्हतं.

शेवटी असं ठरलं: वर नेहमीची लांब चीर, खाली लहान चीर आणि पिएझो. खालच्या जबड्यात नस हाडाच्या आतूनच जाते, ओठाची आणि हनुवटीची जाणीव तिच्यावर असते, आणि हाड उभं फोडताना ती दोन पापुद्र्यांच्या मधोमध उघडी पडते. तिथे पिएझोचा उपयोग जास्त. तरी मॅडमनी बजावलं की पिएझो घेतलं म्हणजे बधिरपणा येणारच नाही असं समजू नका, कारण नस कापली नाही तरी ताणली जाते आणि फोडताना ती कुठल्या पापुद्र्याला चिकटून येईल ते आधी सांगता येत नाही. ओठ काही आठवडे ते काही महिने बधिर राहू शकतो, आणि थोड्यांना थोडा भाग कायमचा. संमतीच्या कागदावर सही करताना मी हे वाक्य दोनदा वाचलं.

प्लॅनिंगबद्दल मी कितीही बोलू शकतो. कोन बीम सीटी, म्हणजे कवटीचं थ्री-डी एक्स-रे स्कॅन, आणि दातांचं डिजिटल स्कॅन एकत्र बसवून स्क्रीनवर माझी कवटी फिरत होती. रेषा मारल्या, तुकडे केले, तुकडे सरकवले, कुठे हाड हाडात घुसतंय ते लाल दिसलं. त्यावरून दोन स्प्लिंट छापले. स्प्लिंट म्हणजे दातांच्या मध्ये बसणारी पातळ चकती, दोन्ही बाजूंना दातांचे ठसे. पहिली चकती वरचा जबडा सुटा झाल्यावर तो न कापलेल्या खालच्या जबड्याच्या हिशेबाने कुठे बसवायचा ते सांगते. दुसरी, मग खालचा कुठे, ते. हे तर आमचं लोकेटर फिक्श्चरच झालं: जॉब कुठेही जाऊ दे, फिक्श्चरमध्ये बसला की जागा पक्की. मी मॅडमना टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालते, ते विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मिलिमीटरच्या आसपास राहिलो की आम्ही खूश. आमच्याकडे एवढ्यावर जॉब भंगारात जातो, पण जॉब जिवंत नसतो.

विम्याचं थोडक्यात सांगतो. पहिलं उत्तर आलं, "सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, मंजूर नाही." ऑर्थोडॉन्टिस्टचं पत्र, चावण्याच्या अडचणीची नोंद, सांध्याचा त्रास, एक्स-रेवरची मापं असं सगळं जोडून परत पाठवलं, तेव्हा काही भाग मिळाला. पत्रात "चेहरा" हा शब्द कमीत कमी असावा.

ऑपरेशनच्या सकाळी आई अंबाबाईचं कुंकू घेऊन आली. नर्सनं कपाळावर काही लावू दिलं नाही, मग तिनं ते माझ्या उशीखाली पुडीत ठेवलं. भूलतज्ज्ञांनी सांगितलं की श्वासाची नळी नाकातून जाणार, कारण ऑपरेशन चालू असताना दात मिटून बघावे लागतात आणि तोंडातली नळी आड येते. रक्तस्राव कमी राहावा म्हणून रक्तदाब मुद्दाम थोडा खाली ठेवणार. त्यापुढचं मला काही माहीत नाही. आई आणि दाजी बाहेर पाचेक तास बसून होते.

शुद्धीवर आलो तेव्हा दुखत नव्हतं. हे लोकांना खोटं वाटतं, पण इतका भाग बधिर असतो की दुखायला काही उरतच नाही. त्रास होतो तो नाक बंद असण्याचा. वरचा जबडा हलवला की नाकाच्या आतून सूज येते, थोडं रक्त झिरपत राहतं, तोंडात स्प्लिंट आणि रबर बँड, आणि शिंकरायला सक्त मनाई, कारण सायनसची भिंत कापलेली असते आणि हवा गालात शिरू शकते. पहिली रात्र मी बसूनच काढली. बसण्यानं बरं वाटतं. डोकं उंच राहिलं की सूजही कमी चढते.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते असं सांगितलं होतं, तसंच झालं. गाल, ओठ, डोळ्यांखालचा भाग, सगळं एक. दाजींनी फोटो काढून ठेवला आहे आणि तो कुणाला दाखवायचा नाही असं आमचं ठरलंय. इथे मला दोन पद्धतींचा फरक स्वतःच्याच तोंडात बघायला मिळाला, जरी तो खरा मुकाबला नाही, कारण वरचा जबडा वेगळा, खालचा वेगळा. खालची सूज आठवड्यात बरीच उतरली. वरचे गाल तीन आठवडे फुगलेलेच होते. वरची हिरडी, पुढचे दात आणि वरचा ओठ बधिर होता. लांब चिरेत हिरडीकडे जाणाऱ्या बारीक नसा कापल्या जातातच. ब्रश कुठे लागतोय ते कळायचं नाही, आरशात बघून घासावं लागे.

तपासणीच्या रांगेत गडहिंग्लजची एक शिक्षिका भेटायची. तिचा वरचा जबडा नुसता पुढे आणायचा होता, तोही थोडाच, आणि तिचं ऑपरेशन लहान चिरेतून झालं होतं. दहा दिवसांनी तिच्याकडे बघून कुणाला काही कळलं नसतं. माझ्याकडे बघून रिक्षावाल्यानं विचारलं, "दादा, मधमाश्या चावल्या का?" तिला बघून मला आधी हेवा वाटला. मग तिचा प्लॅन आणि माझा प्लॅन शेजारी ठेवून बघितले आणि हेवा गेला. तिच्यासारखं काम असणाऱ्यानं लहान चिरेसाठी जरूर आग्रह धरावा, असं मात्र माझं ठाम मत झालं आहे, आणि त्यासाठी ते नेहमी करणारा सर्जन शोधावा. भोकातून काम करायला हात बसलेला लागतो. शिकाऊ हातानं छोट्या चिरेतून केलेल्या कामापेक्षा सरावलेल्या हाताची मोठी चीर मी कधीही पत्करेन.

आता खाण्याचं. दोन आठवडे फक्त पातळ, त्यानंतर सहा आठवडे होईपर्यंत न चावता गिळता येईल असं. कोल्हापूरच्या माणसाला ही शिक्षा वाटेल, पण विचार केला तर आपल्याइतकी पातळ पदार्थांची सोय कुणाकडे नाही. मटण शिजवताना मसाला घालायच्या आधीचं अळणी पाणी आई गाळून सिरिंजमध्ये भरून द्यायची. पहिल्या आठवड्याची ताकद मला त्यातूनच मिळाली. मग पांढरा रस्सा, मिरी कमी करून, दोनदा गाळून. तांबड्याला बंदी, टाक्यांना तिखट लागलं की काय होतं ते मी चाखून बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. नाचणीची आंबील, ताक, गंगावेशच्या कट्ट्यावरचं दूध दाजी रोज संध्याकाळी आणायचे, पण ते उकळून थंड केल्याशिवाय प्यायचं नाही असं मॅडमनी सांगितलं होतं. एवढं करूनही वजन उतरलंच. चमचा वापरता येईना, कारण ओठ बधिर असल्यानं चमचा ओठांत आहे की हवेत तेच कळत नव्हतं. अर्धा घास शर्टावर.

बोलण्याचंही तसंच. प, फ, ब, म ही अक्षरं ओठांवर उमटतात आणि माझे ओठ हजर नव्हते. कामावर परतल्यावर एका सप्लायरनं फोनवर माझा आवाज ऐकला आणि आमच्या मालकांना सांगितलं की तुमचा माणूस सकाळी अकरालाच घेऊन बसतो. "पम्प बॉडी" असं त्याला तीनदा म्हणून दाखवावं लागलं, तरी त्यानं मला पाठवलं भलतंच.

सहाव्या आठवड्यानंतर स्प्लिंट निघाली, रबर बँड हलके झाले आणि तोंड उघडायचा व्यायाम सुरू झाला. लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून दातांच्या मध्ये घालायच्या आणि दर काही दिवसांनी एक वाढवायची. हा भाग दुखतो. याबद्दल आधी कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतोय. सूज, रक्त, नळ्या यांची भीती घालतात, आणि महिनाभर रोज तीन वेळा जबडा ताणायचा कंटाळा कुणी सांगत नाही. पद्धत कुठलीही असो, हा व्यायाम चुकत नाही.

तारा आणखी सहाएक महिने राहिल्या. या काळात जाणीव हळूहळू परत आली, आधी मुंग्या, मग विजेसारखी चमक, मग खाज. वरचा ओठ आणि हिरडी पूर्ण परत आली, म्हणजे जिथे लांब चीर होती तो भाग. जिथे लहान चीर आणि पिएझो होतं, तिथे डावीकडे सगळं ठीक आहे, आणि उजवीकडे हनुवटीवर रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका अजून अर्धवट आहे. दाढी करताना तिथे ब्लेड फिरलेलं कळतं, पण उशिरा. मॅडमनी कारण सांगितलं: उजवीकडे जबडा जास्त मागे न्यायचा होता आणि नस बाहेरच्या पापुद्र्याला चिकटून आली होती, तिला सोडवून आत ठेवावं लागलं. वर्षभर सुधारणा होत राहते असं त्या म्हणतात. नाही झाली तरी चालेल, असं मी म्हणतो.

परवा आमच्या शॉपमधल्या एका सहकाऱ्यानं त्याच्या मुलीबद्दल विचारलं. एकोणीस वर्षांची, खालचा जबडा मागे. "बारीक चिरेचं करतात म्हणे, तेच करायचं का?" मी त्याला सांगितलं की आधी तिची वाढ थांबली आहे ना ते बघून घे, मग डॉक्टरांना तीन गोष्टी विचार: कुठलं हाड किती आणि कुठल्या दिशेला जाणार, त्यात तिरकेपणा आहे का, आणि लहान चिरेतून करताना आत काही अडलं तर चीर वाढवायची तुमची तयारी आहे का. त्यानं मोबाइलवर लिहून घेतलं, आणि मग विचारलं की प्लेटा आयुष्यभर आतच राहणार का. राहणार, मी म्हटलं, टायटॅनियमच्या आहेत, त्रास दिला तरच काढतात. उजळाईवाडीला विमानतळाच्या दारातून दोनदा गेलोय, वाजलेल्या नाहीत. पट्ट्याचं बक्कल मात्र वाजलं.